लिव्हरला वळसा घालणारी शीर

अण्णांच्या पोटाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये अगदी खाली एक ओळ होती : मोठा स्प्लीनोरीनल शंट आढळतो. त्याच्या वर लिव्हर आकसल्याचं, पाणथरी वाढल्याचं, पोटात थोडं पाणी असल्याचं सविस्तर लिहिलेलं होतं आणि सगळे उपचार त्या वरच्या ओळींवर चालू होते. खालची ओळ कित्येक महिने फाइलमध्ये तशीच पडून राहिली. पुढे मुंबईत एका इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टनी, म्हणजे स्कॅन बघत बारीक नळीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, तीच सीडी लावली, माउसचं चाक पुढेमागे फिरवत एका जागी थांबले आणि म्हणाले, "काका, ही बघा. तुमचा बराचसा त्रास या शिरेतून येतोय."

पडद्यावर डाव्या किडनीच्या वर एक जाड, नागमोडी पट्टा दिसत होता. आतड्याकडून आणि पाणथरीकडून लिव्हरकडे जायचं रक्त मधूनच वळून त्या पट्ट्यातून किडनीच्या शिरेत उतरत होतं आणि तिथून सरळ हृदयाकडे जात होतं. लिव्हरला वगळून. रिपोर्टमधला शंट म्हणजे हीच आडवाट.

त्या दिवसांत मी या विषयावर मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून रात्र रात्र शोधत बसायचे. सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर असं निबर होऊन आकसतं तेव्हा, काय खावं, कुठला काढा घ्यावा, हे ढीगभर मिळालं. पण पोटात नव्यानं वाढणाऱ्या या शिरांबद्दल, आणि पोट न उघडता जांघेतून किंवा मानेतून बारीक नळी घालून त्यांच्यावर जे उपचार होतात त्याबद्दल, फार थोडं हाती लागलं. माझ्यासारखं अजून कुणीतरी आज रात्री शोधत बसलं असेल, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. वडिलांच्या उशाशी बसून जे पाहिलं, विचारलं आणि नंतर ताडून घेतलं, तेवढंच यात आहे.

सिरोसिस म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, तरी तो प्रश्न आईला सोसायटीच्या जिन्यात, लग्नकार्यात, औषधाच्या दुकानातसुद्धा ऐकावा लागला आणि दर वेळी तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. अण्णांना जुना मधुमेह. पोटाभोवती चरबी. कधीतरी सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असं आलेलं, जे हल्ली घरोघरी येतं आणि कुणी मनावर घेत नाही. दारू असो, हिपॅटायटिस बी किंवा सी असो, चरबी असो, शेवटी लिव्हरमध्ये घडतं ते एकच : पेशी मरत जातात, त्यांच्या जागी घट्ट तंतू येतात आणि मऊ असलेला अवयव निबर, गाठीगाठींचा होतो. दारूनं ज्याचं लिव्हर गेलं त्याच्या बायकोलाही तो प्रश्न तितकाच लागतो, हेही मी वॉर्डात बसून पाहिलं. तो विचारू नये, एवढंच म्हणेन.

आता शिरांकडे येते. लिव्हरला रक्त दोन बाजूंनी मिळतं. धमनीतून येतं ते साधारण पाव हिस्सा. उरलेलं पाऊण हिस्सा पोर्टल व्हेन आणते. जठर, आतडी, स्वादुपिंड, पाणथरी या सगळ्यांचं रक्त आधी या एका शिरेत गोळा होतं, लिव्हरमधून गाळलं जातं आणि मगच हृदयाकडे जातं. मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त लिव्हरमधून जातं, पण त्याला दाब लागतो अगदी थोडा. पोर्टल व्हेन आणि लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्यातल्या दाबाचा फरक निरोगी माणसात ५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो वरचा आकडा १२० च्या घरात असतो, यावरून हा दाब किती हलका ते ध्यानात यावं. लिव्हर निबर झालं की रक्ताला आत शिरायला जागा उरत नाही आणि फरक वाढू लागतो. तो १० वर गेला की आडवाटेच्या शिरा फुगायला लागतात. १२ च्या पुढे त्या फुटायची भीती.

डॉक्टर हे समजावत असताना अण्णा पडद्याकडेच बघत होते. अण्णा पाटबंधारे खात्यात होते; आधी गंगापूर धरणाच्या कामांवर, शेवटची वर्षं नाशिकला दिंडोरी रस्त्यावर मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे फुगवटा आलाय."

डॉक्टरांना शब्द नवा असावा. अण्णा सावरून बसले आणि त्यांनाच सांगायला लागले. गोदेला पूर येतो, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं, तेव्हा सराफ बाजारात पाणी शिरतं. लोकांना वाटतं नदीच आत आली. पण नदी चढलेली असली की सरस्वती नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, ते मागे फुगतं, दहीपुलाकडे वर येतं आणि मिळेल त्या गल्लीतून वाट काढतं. गल्लीचा त्यात काही दोष नसतो.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आता मला सांगा, ती गल्ली भिंत घालून बंद केली तर?"

"दुसऱ्या गल्लीत शिरणार," अण्णा म्हणाले.

"म्हणूनच मी आज लगेच हो म्हणत नाहीये."

हे संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं, कारण या उपचारांमधली सगळी अवघड गोष्ट त्यात आली. या शिरा शरीरानं स्वतःच्या बचावासाठी उघडलेल्या असतात. काही नव्या वाढतात, काही आधीपासून असतात आणि रुंदावतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या वरच्या भागात, गुदाशयाच्या आसपास. काहींच्या बेंबीभोवती पोटावर निळ्या शिरा उमटतात. आईच्या पोटात असताना नाळेतून रक्त आणणारी जी शीर जन्मानंतर मिटते, तिच्यालगतच्या बारीक वाटा इतक्या वर्षांनी पुन्हा वाहू लागलेल्या असतात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. शरीर इतक्या मागे जाऊन मदत शोधतं.

पण ती मदत धोक्याची. अन्ननलिकेतली शीर पातळ भिंतीची असते आणि तिच्यावरून घास जात असतो. ती फुटली की रक्ताची उलटी होते. अण्णांना पहिल्यांदा तशीच झाली. आदल्या दिवशी काळी, चिकट शौचास झाली होती; ते पोटातल्या रक्ताचंच लक्षण असतं, हे या आजाराच्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं. अशा रक्तस्रावात आजही साधारण सहा-सात जणांत एक रुग्ण दीड महिन्याच्या आत दगावतो. त्या रात्री शिरेतून दाब उतरवणारं औषध, अँटिबायोटिक, रक्ताच्या पिशव्या आणि काही तासांत दुर्बीण, हे सगळं नाशिकमध्येच वेळेत झालं. त्या रात्रीच्या डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे उपकार मी विसरणार नाही.

दुर्बिणीतून करतात त्याला बँडिंग म्हणतात. दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपी असते, फुगलेली शीर त्या टोपीत खेचून घ्यायची आणि तिच्या बुडाशी रबरी रिंग सोडायची. शीर आवळली जाते, सुकते, काही दिवसांत गळून पडते. मूळव्याधीवर अशी रिंग घालायची पद्धत आधीपासून होती. ती १९८० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन यांनी अन्ननलिकेसाठी आणली. त्याआधी काय होतं ते वाचवत नाही. १९५० पासून वापरात असलेली फुग्याची नळी नाकातोंडातून घालून, आत फुगा फुगवून शीर दाबून धरत. अगदी निकराच्या वेळी ती आजही वापरतात. जठराच्या वरच्या भागातल्या शिरा मात्र बँडिंगला दाद देत नाहीत, तिथे दुर्बिणीतून सायनोअॅक्रिलेट नावाचा गोंद टोचतात. जठरातल्या या शिरांची जगभर वापरली जाणारी वर्गवारी आपल्या दिल्लीच्या डॉ. शिव कुमार सरीन यांच्या नावानं ओळखली जाते. दूरच्या गावांची नावं वाचत असताना मध्येच दिल्ली आली तेव्हा बरं वाटलं होतं.

बँडिंगच्या काही फेऱ्या झाल्या, अण्णांच्या अन्ननलिकेतल्या शिरा दबल्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग अण्णांची वही बिघडली.

निवृत्तीनंतरही अण्णा गच्चीत पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात आणि वहीत लिहितात. तारीख, मिलिमीटर, शेरा. अक्षर टाइप केल्यासारखं. त्या पावसाळ्यात ते अक्षर रांगेतून घसरायला लागलं. मिलिमीटरचा आकडा शेऱ्याच्या रकान्यात, तारीख दोनदा. एका पानावर नुसत्या रेघा होत्या. रात्री ते जागे असत, दिवसा जेवताना डुलक्या घेत. एकदा पंचवटीतून घरी येताना, ज्या रस्त्यानं चाळीस वर्षं गेले, तिथे रिक्षावाल्याला डावीकडे की उजवीकडे ते सांगता येईना. एकदा आईवर इतके चिडले की तिला ते अण्णा वाटेनात. मग एका सकाळी उठलेच नाहीत, नुसते कण्हत होते.

अॅडमिट केलं, शुद्धीवर आले, घरी आणलं. पुन्हा तेच. एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं की वयोमानानं विसरायला होतं, हे चालायचंच. दुसऱ्या एका ठिकाणी रात्रीच्या जागरणावर झोपेची गोळी लिहून दिली. सिरोसिसच्या माणसाला झोपेची गोळी देणं धोक्याचं असतं, ती या गुंगीत भर घालते. ज्यांनी दिली त्यांनी फाइल उघडून आजाराचं नाव वाचलं असतं तर ती दिली गेली नसती. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी नाशिकमधल्याच एका तरुण पोटविकारतज्ज्ञांनी अण्णांना दोन्ही हात समोर ताठ करून पंजे वर उचलून धरायला सांगितलं. पंजे क्षणभर राहायचे आणि झपकन खाली पडायचे, पुन्हा वर, पुन्हा खाली. ते म्हणाले, "ताई, हे विस्मरण नाही. हे हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी आहे. लिव्हरनं गाळायचं ते मेंदूपर्यंत पोचतंय." आतड्यात प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो, लिव्हर त्याचं युरिया करून टाकतं. लिव्हर थकलं किंवा रक्त लिव्हरला टाळून गेलं, की अमोनिया आणि त्याच्याबरोबरचं बरंच काही थेट डोक्यात जातं.

हे किती जुनं ज्ञान आहे, ते मला नंतर कळलं. १८७७ साली रशियात निकोलाय एक यांनी कुत्र्यांची पोर्टल व्हेन हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जोडून दिली, म्हणजे लिव्हरला वगळणारी वाट मुद्दाम तयार केली. पुढे १८९३ च्या सुमारास पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कुत्रे सांभाळले. हेच ते घंटा आणि लाळेवाले पावलोव्ह. त्यांना दिसलं की हे कुत्रे चिडके होतात, आणि मांस खाल्ल्यावर तर अडखळतात, आंधळ्यागत वागतात, बेशुद्ध पडतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्या प्रयोगशाळेत जे लिहून ठेवलं गेलं, ते माझ्या घरात जेवणाच्या टेबलाशी घडत होतं.

औषधं सुरू झाली. लॅक्टुलोजचं सायरप, रोज दोन-तीन वेळा मऊ शौचास होईल इतकं. मग जोडीला रिफॅक्सिमिन, आतड्यातले जंतू कमी करणारं अँटिबायोटिक. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, लघवीच्या गोळ्यांनी कमी झालेलं पाणी आणि मीठ, आतला रक्तस्राव, यातलं काहीही झटका आणू शकतं, म्हणून त्यांच्यावर पहारा. बहुतेक रुग्ण एवढ्यावर सांभाळले जातात. अण्णा सांभाळले जाईनात. सगळं नीट असताना, कारण सापडत नसताना झटके येत होते. आणि गंमत म्हणजे त्यांचं लिव्हर इतकं काही वाईट नव्हतं. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर या रक्ताच्या तपासण्यांवरून मेल्ड नावाचा एक आकडा काढतात, जितका मोठा तितकं लिव्हर वाईट. अण्णांचा १० होता. लिव्हर बऱ्यापैकी आणि डोकं इतकं बिघडलेलं, हा विरोधच त्या तरुण डॉक्टरांना खटकला. त्यांनी जुना रिपोर्ट खालपर्यंत वाचला आणि आम्हाला मुंबईला पाठवलं. तुमच्या घरी असं काही चालू असेल, तर एवढं नक्की विचारा : पोटात मोठा शंट आहे का, सीटीत तो कुणी शोधला आहे का? हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

पंचवटी एक्सप्रेसनं गेलो. वाटेत कसाऱ्यापर्यंत अण्णा खिडकीतून ओढे बघत होते, नंतर झोपले.

शंट आतून बुजवता येतो. पण तसं ठरण्याआधी मुंबईच्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण केली. अन्ननलिकेतल्या शिरा दबलेल्या आहेत ना, पोटातलं पाणी आटोक्यात आहे ना, पोर्टल व्हेनमध्ये गुठळी नाही ना, हे सगळं पाहिलं. कारण ही आडवाट बंद केली की तेच रक्त मागे साठणार, दाब चढणार. लिव्हरमध्ये ते सामावून घेण्याइतकी ताकद असेल तर फायदा. कारण लिव्हरला आजवर न मिळालेलं रक्त मिळायला लागतं. ताकद नसेल तर पोट पाण्यानं भरतं, किंवा अन्ननलिकेतल्या शिरा पुन्हा फुगून फुटतात. त्यांनी आकडेही लपवले नाहीत. २०१३ साली युरोपातल्या काही केंद्रांनी मिळून अशा ३७ रुग्णांचा अनुभव मांडला होता. शंट बुजवल्यावर पहिल्या १०० दिवसांत ३७ पैकी २२ जणांना पुन्हा झटका आला नाही, आणि जवळजवळ दोन वर्षांच्या सरासरी पाठपुराव्यात १८ जण पूर्ण मोकळे राहिले. मेल्ड ११ च्या वर असलेल्यांत त्रास परतण्याची शक्यता जास्त होती. "म्हणजे निम्म्यांना," दादा म्हणाला. "निम्म्यांना," डॉक्टर म्हणाले, "आणि काका त्यातल्या बऱ्या बाजूला आहेत, असं मला वाटतं."

प्रत्यक्ष काम कॅथलॅबमध्ये झालं. अण्णा जागे होते. उजव्या जांघेत सुन्न करायचं इंजेक्शन, मग एक सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. ही तारेची युक्ती १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सांगितली आणि आजची सगळी अँजिओग्राफी तिच्यावर उभी आहे. नळी मोठ्या शिरेतून वर, तिथून डाव्या किडनीच्या शिरेत, आणि तिथून उलट्या दिशेनं शंटमध्ये शिरली. म्हणजे रक्त जिथून बाहेर पडतं त्या तोंडातून आत. जपानमध्ये ही उलट्या बाजूनं शिरायची रीत १९९० च्या दशकात रुजली, जठरातल्या शिरांसाठी. तेव्हा फुगा फुगवून शंट अडवत आणि आत औषध भरून तासन् तास थांबत. आता बऱ्याच ठिकाणी फुग्याऐवजी प्लग बसवतात. निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या बारीक तारांची विणलेली जाळी, नळीतून जाताना मिटलेली, बाहेर आली की उमलून शिरेच्या भिंतीला घट्ट बसणारी. तिच्या मागे जिलेटिनच्या स्पंजचे तुकडे भरतात, म्हणजे शीर पुरती गोठते.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला आतलं चित्रण दाखवलं. आधीच्या चित्रात डाय, म्हणजे एक्स-रेत शीर दिसावी म्हणून सोडतात ते औषध, टाकताक्षणी किडनीकडे धावत होती, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुसली जात होती. प्लग बसल्यानंतरच्या चित्रात ती जागच्या जागी थबकली. काळी, वळणावळणाची, पूर्ण भरलेली शीर, आणि तिच्यात काहीच हलत नव्हतं. जांघेवर नंतर पाहिलं तर एक छोटी पट्टी. आई पुन्हा पुन्हा ती पट्टी बघत होती. "एवढंच?" म्हणाली.

या 'एवढंच'बद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. बिनटाक्याचं, छोट्या छिद्रातून, दुसऱ्या दिवशी चालायला लागले, असं आपण कौतुकानं सांगतो आणि त्या छिद्रालाच उपचार समजतो. सिरोसिसच्या माणसाचं पोट उघडणं किती जोखमीचं असतं ते पाहता छिद्र लहान असणं ही मोठीच सोय आहे, त्याशिवाय अण्णांवर काही करताच आलं नसतं. पण खरा उपचार झाला तो आधी, पडद्यासमोर, रक्त कुठून कुठे जातंय आणि वाट अडवली तर कुठे जाईल याचा हिशेब मांडताना. तो हिशेब चुकला तर छोट्या छिद्रातून मोठं नुकसान करता येतं.

हे मला सगळ्यात स्पष्ट कळलं ते शेजारच्या कॉटमुळे. तिथे निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार होते, माझ्याच वयाचे. दारू सोडून बरेच दिवस झाले होते, पण लिव्हर गेलेलं. डोकं अगदी साफ. बाजारभाव, औषधफवारणी, सगळं फोनवरून चालू. पोट मात्र तट्ट फुगलेलं. दर थोड्या दिवसांनी सुईनं पाणी काढायचं, की पुन्हा भरायचं. लघवीच्या गोळ्यांनी किडनीवर ताण येऊ लागला होता. त्यांच्यावर टिप्स करायचं ठरलं होतं. त्यांच्या पत्नीनं मला संध्याकाळी व्हरांड्यात विचारलं, "तुमच्या अण्णांची वाट बुजवली, अन् आमच्या ह्यांच्यात नवी वाट पाडणार म्हणत्यात. मग ताई, खरं कोणतं?"

मी तिला जमेल तसं सांगितलं. टिप्समध्ये नळी मानेतल्या शिरेतून खाली, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून पलीकडे, लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरेत नेतात. तिथून वाकड्या सुईनं लिव्हरच्या आतूनच पोर्टल व्हेनपर्यंत भोक पाडतात, फुग्यानं ते रुंद करतात आणि त्यात आठ-दहा मिलिमीटर रुंदीचा, आतून अस्तर लावलेला स्टेंट बसवतात. लिव्हरच्या मधोमध एक बोगदाच. दाब एकदम उतरतो, पोटातलं पाणी हळूहळू आटतं, फुटणाऱ्या शिरा शांत होतात. ही कल्पना योसेफ रोश या मूळच्या झेक रेडिओलॉजिस्टना दुसरीच तपासणी करताना सुचली. १९६९ मध्ये त्यांनी ती कुत्र्यांवर करून दाखवली. १९८२ मध्ये कॅनडात कोलापिंटो यांनी माणसांत बोगदा पाडला, पण आत आधार नसल्यानं तो मिटून जाई. १९८८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे त्यात धातूचा स्टेंट बसवला आणि मग तो टिकू लागला. हृदय धडधाकट असावं लागतं, कारण अचानक जास्तीचं रक्त त्याच्याकडे येतं. आणि सगळ्यात मोठी किंमत ही, की रक्त लिव्हरला वगळून जातं. टिप्सनंतर साधारण तीनातल्या एकाला अण्णांसारखा गोंधळाचा त्रास होतो. काहींचा स्टेंट नंतर आतून अरुंद करावा लागतो.

म्हणजे जी वाट अण्णांच्या शरीरानं आपणहून पाडली होती आणि जिच्यापायी ते स्वतःचं नाव विसरत होते, तसलीच वाट शेजारच्या माणसात डॉक्टर मुद्दाम पाडणार होते, आणि दोन्ही ठिकाणी तेच बरोबर होतं. एकाला दाबानं मारलं असतं, दुसऱ्याला वळशानं. ती बाई माझं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी ह्यांचं डोकं फिरलं तर मी काय बघायचं ते सांगा." मी तिला वहीबद्दल सांगितलं. रोज एक सही करून घ्या, तारीख घालून. बिघडायला लागली की डॉक्टरांना फोन करा. आम्ही फोन नंबर घेतले. त्यांचं पोट आता उतरलं आहे, सहीही सरळ आहे, स्टेंट मोकळा आहे ना हे पाहायला ते ठरावीक वेळानं डॉपलर सोनोग्राफी करून घेतात.

घरी आल्यावर अण्णांचं अक्षर लगेच सुधारलं नाही. पहिला आठवडा पोट जड, थोडा ताप, भूक मंद. पोटात पाणी थोडं वाढलं, मीठ कमी करून आणि गोळ्यांनी ते खाली आलं. मग एका सकाळी वहीत तारीख, मिलिमीटर आणि शेरा आपापल्या रकान्यात होते. शेरा होता : रिमझिम, वारा नाही. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

खाण्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले तिथे मिळतात. घरी येणारा प्रत्येक जण सांगे, डाळ बंद करा, दूध बंद करा, प्रथिनं डोक्यात जातात. पावलोव्हच्या कुत्र्यांची सावली अजून आपल्या स्वयंपाकघरांवर आहे. आज तज्ज्ञ याच्या नेमकं उलट सांगतात. सिरोसिसमध्ये माणूस झपाट्यानं वाळतो, आणि स्नायू हे स्वतः अमोनिया जिरवतात. स्नायू गेले की गोंधळ वाढतो. म्हणून वजनाच्या दर किलोला रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वरण, मूग, दही, पनीर हे बहुतेकांना चांगलं सोसतं. आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी खाणं फार महत्त्वाचं, कारण थकलेल्या लिव्हरला रात्रभराचा उपास झेपत नाही. आमच्याकडे नागलीची आंबील किंवा दूध आणि भाकरीचा चतकोर असतो. मीठ कमी, पण जेवण कमी नाही.

पैशांचं सांगायचं तर प्लग आणि स्टेंट महाग आहेत, आणि हे काम करणारे अनुभवी हात अजून मोठ्या शहरांतच जास्त आहेत. नाशिक आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं गाव. इथे सरावलेले पोटविकारतज्ज्ञ आहेत, दुर्बीण आहे, बँडिंग रोज होतं. पण शंट बुजवायला किंवा टिप्सला आमच्यासारखे बरेच जण अजून घाट उतरतात, आणि निफाड, सुरगाणा, पेठच्या माणसाला तो घाट आमच्यापेक्षा जास्त उंच पडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांमध्ये आरोग्यमित्र बसतात. आपल्या उपचाराचं पॅकेज त्यात बसतं का, हे दाखल होण्याआधी त्यांना विचारून घ्यावं. ऐनवेळी सही करताना घरातल्या बाईच्या हातातल्या बांगड्यांकडे नजर जाते, ती वेळ येऊ नये.

अण्णा आता बरे आहेत, बरे झालेले नाहीत. लिव्हर तेच आहे. लॅक्टुलोज चालू आहे, कमी मात्रेत. दाब उतरवण्यासाठी कार्व्हेडिलॉलची गोळी आहे, ती घेताना रक्तदाब फार खाली जात नाही ना ते आई रोज लिहून ठेवते. मधुमेह आटोक्यात ठेवायचा, वजन सांभाळायचं, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ नाही ना हे पाहायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. लिव्हर बदलण्याचा विषय एकदा निघाला होता. अण्णांचं वय आणि हृदय पाहून डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आहे. मागच्या दुर्बिणीत अन्ननलिकेतल्या शिरा पुन्हा थोड्या वर आल्या होत्या, अपेक्षेप्रमाणे. तेव्हाच दोन रिंगा घातल्या. पुढची दुर्बीण दिवाळीनंतर नाशिकमध्येच आहे, आणि सीटीची सीडी, प्लगचं कार्ड आणि जुन्या रिपोर्टची ती शेवटची ओळ अधोरेखित केलेली प्रत मी फाइलच्या पहिल्याच कप्प्यात लावून ठेवली आहे, म्हणजे समोरच्या डॉक्टरांना ती आधी दिसेल.